हे तिचं, हे माझं

भाऊ बोलायच्या आधी हात उचलायचे. उजवा तळवा समोरच्या बाईकडे उघडा केला की म्हणायचे, "हे तिचं." मग तिचं गोंडी बोलणं मराठीत सांगायचे. तोच तळवा स्वतःच्या छातीवर टेकवला की, "हे माझं." मग स्वतःच्या मनातलं सांगायचे. हात कधी अधेमधे लटकत राहिला नाही.

ही सवय फक्त कामापुरती नव्हती. गडचिरोलीच्या बसस्टँडवर चहा सांगतानाही माझ्याकडे तळवा करून टपरीवाल्याला म्हणायचे, "हे बाईचं, साखर कमी." मग छातीला हात लावून, "हे माझं. साखर हात मोकळा सोडून टाक." टपरीवाल्याला वाटायचं, म्हातारा थोडा सरकलेला आहे. पहिल्या दिवशी मलाही तसंच वाटलं. तुम्ही माणसं न्याहाळणारे लोक आहात, तुम्हाला लगेच उमगलं असतं. मला वेळ लागला, कारण मी तेव्हा फार शहाणी होते.

किती शहाणी, ते आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मी भद्रावतीच्या कारखान्याच्या कॉलनीत वाढलेली. घरी संध्याकाळी बुद्धवंदना आणि वंदनेनंतर इंग्रजीचं पाठांतर, यात कधी खाडा नाही. नागपूरला जाऊन इंग्रजीत एम. ए. झाले आणि परत आले ती अशी, की चंद्रपूरच्या भाजीबाजारातसुद्धा वांग्याला मनातल्या मनात इंग्रजीतून नाव ठेवायची. पस्तिशी ओलांडल्यावर एका छोट्या संस्थेत लागले. ती संस्था आता नाही. परदेशात एक समिती होती, देशोदेशीच्या सरकारांवर नजर ठेवणारी. कुणाला वर्दीतल्या माणसांनी उचलून नेलं, मारलं, घर जाळलं, अशा तक्रारी तिच्याकडे पाठवता येत. समिती त्या देशाच्या सरकारला पत्र लिहून विचारायची, हे खरं का? सरकारला उत्तर द्यावं लागे. इथल्या ठाण्यात ज्याचं कुणी ऐकून घेत नव्हतं, त्याचं तिकडे कुणीतरी वाचत होतं. आमचं काम गावोगाव जाऊन ते लिहून आणायचं.

लिहायची मी. फॉर्म इंग्रजीत, म्हणून माझा रुबाब. पण बोलणारे लोक गोंडी बोलणारे आणि मला गोंडीचं अक्षर येत नव्हतं. म्हणून भाऊ.

भाऊ पोस्टातून रिटायर झालेले. तीस वर्षं त्यांनी जंगलातल्या गावांत पायी डाक पोचवली होती. गोंडी त्यांच्या आईची भाषा, मराठी शाळेची, तेलुगू बाजाराची. सरळ नाक, पांढरी मिशी, कमरेला पंचा आणि पायात टायरच्या चपला. मी पहिल्या दौऱ्याला नवीकोरी कोल्हापुरी घालून गेले होते. दुसऱ्या नाल्यातच तिचा अंगठा तुटला. भाऊंनी ती उचलून पिशवीत टाकली आणि छातीला हात लावून म्हणाले, "हे माझं, बाई. अशी चप्पल घालून आमच्याकडे लग्नाची नवरीबी येत नाई."

पहिल्याच गावात आमचं वाजलं. एक म्हातारी सांगत होती की तिचा बैल गोळी लागून मेला. भाऊंनी तळवा तिच्याकडे केला, "हे तिचं, बैल मारला." मग तळवा छातीवर आला. "हे माझं. बैल आधीच मराले टेकला होता, बाई. मीच पाहिला होता. पण घर जाळलं ते खरं आहे."

मी पेन खाली ठेवलं आणि व्याख्यान दिलं. साक्षीदाराचा शब्द पवित्र असतो. दुभाष्यानं मधे यायचं नसतं. जगभर असाच नियम आहे. जगभर म्हणजे कुठे, ते मलाही ठाऊक नव्हतं, पण आवाजात कमी पडू दिलं नाही. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं.

"डाकेसारखं," ते म्हणाले. "पाकीट फोडाचं नाई."

"हो. अगदी तसंच."

"मग माझं काही असलं तर?"

"तर आधी विचारा. मी हो म्हटलं तरच सांगा."

त्यांनी मान डोलावली. तीस वर्षं ज्यानं दुसऱ्याचं पाकीट फोडलं नाही, त्याला हा नियम अपमानाचा वाटला नाही, उलट आवडलाच. पुढे प्रत्येक वेळी ते हात छातीपाशी नेऊन विचारायचे, "बाई, एक आहे. माझं. सांगू?" आणि दहातल्या नऊ वेळा मी म्हणायची, "आत्ता नको, भाऊ."

एकदा एका आंब्याखाली बसून मी एका माणसाची साक्ष घेत होते. भाऊंचा हात छातीला. "बाई, एक आहे. माझं." मी डोळे मोठे केले, "साक्ष चालू आहे ना!" हात खाली. थोड्या वेळानं पुन्हा, "बाई..." मी बोट ओठांवर ठेवलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलंच नाही. आणि मग मी अशी उडाले, की साक्ष देणारा माणूस वर्दीवाले आले समजून पळायला उठला. मी आंब्यावरून गळून पडलेल्या लाल मुंग्यांच्या पानाच्या घरट्यावरच बसले होते. आमच्याकडे त्यांची चटणी करतात, त्या दिवशी त्यांनी माझी केली. सगळं गाव हसलं. साक्ष देणारा माणूसही हसला, आणि त्याच्या तोंडावर सकाळपासून प्रथमच हसू आलं होतं.

"सांगितलं काऊन नाही?" मी लुगडं झटकत ओरडले.

"माझं होतं ना, बाई," भाऊ म्हणाले. चेहरा असा सरळ, की आजही मला समजत नाही, तो भोळेपणा होता की खोडी.

हा किस्सा मी पुढे कितीदा सांगितला! कार्यशाळांत सांगितला, नातीला सांगितला. प्रत्येक वेळी लोक हसले. तुम्हीही हसून घ्या. पुढे हसायला जागा थोडी आहे.

एकदा परदेशातून एक पाहुणा आला, समितीच्याच ओळखीतला. उंच, गोरा, उन्हानं टोमॅटोसारखा झालेला. त्यानं एका म्हाताऱ्या पाटलाला विचारलं, तुमच्या मते शासनाचं आणि तुमचं नातं कसं आहे? मी त्याचं असं भारदस्त मराठी केलं, की मला स्वतःलाच अभिमान वाटला. भाऊंनी गोंडीत दोन शब्द टाकले. पाटील दहा मिनिटं बोलत राहिला, हातवारे करत. पाहुणा वहीत पेन धरून वाट पाहत होता. भाऊंचा तळवा पाटलाकडे गेला. "हे त्याचं. जेवून जा म्हणते."

"दहा मिनिटं बोलला तो, भाऊ!"

"काय काय रांधलं ते सांगून राह्यला होता. सगळं सांगू?"

पाहुणा जेवला. परत जाताना म्हणाला, या दौऱ्यात मला सगळ्यांत जास्त विश्वास या दुभाष्याचा वाटला. मी ते मराठीत सांगितलं. भाऊंनी विचारलं, "हे त्याचं की तुमचं?" मी म्हटलं, त्याचं. तेव्हा कुठे ते हसले.

आता त्या डोंगरावरच्या गावाची गोष्ट.

दिवाळीनंतरचे दिवस होते. गडचिरोलीहून एसटी, मग जीप, मग तीन तास चढ. गावात एक बाई होती, साठीच्या आसपासची. एकुलता एक मुलगा. त्याला तिच्या डोळ्यांसमोर नेलं होतं. सकाळी दोघं मोह वेचायला गेली होती. मोहाची फुलं पहाटे गळतात, उन्हाच्या आत वेचावी लागतात, हे इकडल्यांना सांगायला नको. तोंडाला फडकी बांधलेले वर्दीतले तिघं आले, वाट दाखव म्हणाले आणि त्याला घेऊन गेले. तो परत आला नाही. ठाण्यात म्हणाले, आमच्याकडून कुणी गेलंच नाही. दुसरीकडे म्हणाले, तुझा पोरगाच जंगलातल्यांत गेला असेल.

ती रडत नव्हती. एकेक शब्द मोजून सांगत होती. भाऊंचा तळवा तिच्याकडे उघडा. "हे तिचं. टोपली अर्धी भरली होती. त्याची टोपली मीच घरी आणली." "हे तिचं. तो मेला असन तर मले हाडं पायजेत. जिवंत असन तर कुठी आहे ते पायजे. दुसरं काई नको."

मी लिहीत होते. मग तो रकाना आला. घटनेची तारीख. दिवस, महिना, वर्ष, तीन चौकोन.

"कधी झालं, विचारा."

भाऊंनी विचारलं. "हे तिचं. मोह पडाले नुकता लागला होता. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी."

"तारीख?"

"तिनं तारीख नाई सांगितली, बाई. मोह सांगितला."

पण चौकोन मोह घेत नव्हता. आणि मला काळजी नव्हती. आमच्या कॉलनीत क्वार्टरच्या मागे मोहाचं झाड होतं. लहानपणी आम्ही पोरी त्याची फुलं वेचायचो, मधमाश्या चावून घ्यायचो. मोह कधी पडायला लागतो हे मला कुणी शिकवावं? मार्च. दुसरा आठवडा. बाजार मंगळवारचा, म्हणजे दुसरा दिवस बुधवार. मी मनात कॅलेंडर चाळलं आणि तिन्ही चौकोन सुरेख अक्षरांत भरले. तारीख तोंडानं उच्चारलीही नाही. उच्चारायची गरजच काय?

भाऊंचा हात छातीवर गेला होता. "बाई, एक आहे. माझं."

मी वर पाहिलं. त्या बाईनं डोळ्याला पदर लावला होता. मी म्हटलं, आणि हे वाक्य मला आजही शब्दन् शब्द आठवतं, "भाऊ, तिचं पोर गेलं आहे आणि तुम्हाला तुमचं सुचून राहिलं?"

हात खाली आला.

नियमाप्रमाणे साक्ष वाचून दाखवायची असते. मी मराठीत वाचली, भाऊंनी गोंडीत सांगितली, तिनं अंगठा दिला. तारखेचा रकाना मी वाचला नाही. म्हटलं, तारखेत काय वाचायचं. भाऊंना इंग्रजी येत नव्हतं. उतरताना ते पुढे चालत होते, मी मागून त्यांना समिती कशी चालते ते समजावत होते. तीन तास. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

फॉर्म गेला. पोच आली. समितीनं तक्रार दाखल करून घेतली, सरकारकडे खुलासा मागितला. आमच्या ऑफिसात मी पेढे वाटले. डोंगरावर निरोप धाडला की परदेशातून विचारणा झाली आहे. तिनं उलट निरोप पाठवला, वाट पाहते.

दोन वर्षांनी उत्तर आलं. लांबलचक. मी ते उभ्या उभ्या वाचलं, मग खुर्चीवर बसून वाचलं, मग भाऊंना बोलावणं पाठवलं.

"सरकार म्हणते, त्या तारखेला त्या बाजूला कुणी गेलंच नव्हतं," मी सांगितलं. "तेवढंच असतं तर मानलं नसतं. पण त्यांनी रस्त्याच्या कामाचा हजेरीपट जोडला आहे. त्या तारखेनंतर चांगले बारा दिवस तिच्या पोराचा अंगठा आहे त्यावर. रोजचा. भाऊ, ती खोटं बोलली का हो?"

"तुम्ही कोणता महिना लिहिला, बाई?"

"मार्च."

त्यांनी माझ्या हातातला कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "तिथी मोह एप्रिलात पडते. डोंगर आहे. थंडी लवकर जात नाई. खाली सरते, तवा वर सुरू होते."

आणि मी काय केलं असेल? रडले? माफी मागितली? नाही. मी ओरडले, "मग तेव्हा सांगितलं काऊन नाही?"

त्यांचा तळवा आपोआप छातीवर गेला होता. "सांगत होतो," ते म्हणाले. "माझं होतं ते."

मी दुरुस्तीचं पत्र लिहिलं. मोह, उंची, थंडी, सगळं समजावून. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं इंग्रजी त्या पत्रात होतं. उत्तर अर्ध्या पानाचं आलं. एकाच साक्षीदाराच्या दोन वेगळ्या तारखा, तेव्हा कथनावर विसंबता येत नाही, प्रकरण बंद. त्या समितीतले लोक वाईट नव्हते. मोह उंचीवर उशिरा पडतो हे त्यांनी कसं मानावं? मी मोहाच्या झाडाखाली वाढले, मीच ते ऐकून घेतलं नव्हतं.

हे त्या बाईला जाऊन सांगणं भाग होतं. भाऊ बरोबर आले.

तिच्या अंगणात बसलो. शेजारचे दहाबारा लोक जमले. मी कागद काढला. "सरकार म्हणते..." असं सुरू केलं. भाऊ सांगत गेले, तळवा कागदाकडे. "समिती म्हणते..." तळवा कागदाकडे. मग मला सांगायचं होतं की तारीख मी घातली. ते वाक्य मी वाटेत शंभरदा जुळवलं होतं. तोंडात आलं होतं. त्याच्या आधी तिनं काहीतरी विचारलं. छोटंसं वाक्य.

"हे तिचं," भाऊ म्हणाले. "तारीख कोणं सांगितली म्हणते."

मी तोंड उघडलं. आणि तोंड उघडून थांबले. किती वेळ? एक घोट पाणी प्यायला लागतो तेवढाच असेल. सगळे माझ्याकडे पाहत होते.

भाऊंनी हात उचलला. तळवा माझ्याकडे वळेल म्हणून मी वाट पाहत होते. तो छातीवर गेला. ते गोंडीत दोन शब्द बोलले.

मला गोंडी येत नव्हती. पण तो हात मला वाचता येत होता. पाचसहा वर्षं दुसरं काय वाचलं होतं मी?

ती बाई उठली आणि घरात गेली. आम्हाला पाणी विचारायला कुणी आलं नाही. त्या भागात असं कधी होत नाही. मी झोळी उचलली. मी तेव्हाही बोलू शकत होते. मराठी समजणारे दोघंतिघं तिथे होते. मी झोळी खांद्याला लावली आणि निघाले.

एसटीत बसल्यावर विचारलं, "भाऊ, तुम्ही तसं काऊन सांगितलं?"

"माझं सांगू?"

"सांगा हो!" पहिल्यांदाच मी ते मागत होते.

"तुमच्याजवळ अजून लोक येतीन सांगाले. तुमचा कागद खोटा ठरला त कोणी बोलन का? मले तर आता याबी कामातून रिटायर व्हाचं आहे." मग खिडकीतून बाहेर पाहत, "दुसऱ्याचं पाकीट नाई फोडलं मी. आपलंच फोडलं."

लोक खरंच येत राहिले. आणखी नऊ वर्षं मी ते काम केलं. मोह, तेंदू, धानाची रोवणी, जे लोक सांगत ते तसंच फॉर्मात लिहायची आणि तारखेचा चौकोन मोकळा ठेवायची. वरून पत्र आलं तर भांडायची. दोनतीन प्रकरणांत चौकशी झाली. एकात माणूस सापडला, जिवंत. माझा सत्कार झाला, शाल आणि नारळ. नारळ खाल्ला, शाल कपाटात आहे, तिच्यावर नात मांजर झोपवते.

भाऊ मात्र त्यानंतर आले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले. बसस्टँडवर कधीमधी भेटायचे. मी चहा सांगायची. "हे माझं, साखर..." असं म्हणायचे आणि थांबायचे, डॉक्टरनं साखर बंद केली होती. दर वेळी मला वाटायचं, आज बोलावं. चला भाऊ, डोंगरावर जाऊ, मी सांगते सगळ्यांसमोर. दर वेळी माझी बस लागायची. बस लागायचीच असते हो. बसस्टँडच तो.

ते गेले हे मला महिन्यानं कळलं. त्यांच्या घरी गेले. सूनबाई दारात तांदूळ निवडत होती. मी कोण ते सांगितलं. ती म्हणाली, "बाबा तुमचं नाव काढाचे. म्हणाचे, बाई लय चांगल्या होत्या, फक्त घाई होती."

मी विचारलं, गुडघ्यांचं फार झालं होतं का?

"गुडघ्याले काय झालं होतं? शेवटपर्यंत कोसभर चालाचे. फक्त मोहाच्या वेळी घरातून निघत नव्हते."

"मोहाच्या वेळी?"

मग तिनं जे सांगितलं ते मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं. डोंगरावरचं ते गाव भाऊंची सासुरवाडी. बायको लवकर गेली, पण भाऊ दर साली एप्रिलात तिथे पंधरा दिवस मोह वेचायला जात. डाकेचं काम होतं तेव्हाही रजा काढून जात. त्या गावातल्या एकूण एक झाडाचा मोह कोणत्या आठवड्यात पडतो, त्यांना पाठ.

"म्हणूनच गावानं नाई मानलं," सूनबाई म्हणाली. "दुसरा कोणी असता त म्हणले असते, चुकला. याले त आपला मोह मालूम आहे. यानं मुद्दाम चुकीची तारीख देल्ली. सरकारनं फिरवला याले. मग बोलावणं बंद झालं. माझ्या नवऱ्याच्या मामाच्या घरच्या लग्नाचंबी नाई आलं."

सुपातला एक खडा तिनं उचलून बाहेर फेकला. "बाबा काई बोलले नाई कधी. तुम्हाले मालूम असन ना, काय झालं होतं?"

तिलाही मी सांगितलं नाही त्या दिवशी. बघा, म्हातारी झाले तरी कशी आहे.

पुढल्या एप्रिलात गेले. आता डोंगरापर्यंत रस्ता झाला आहे, चालावं लागलं नाही, याचंही वाईट वाटलं. खाली भद्रावतीत मोह कधीच सरला होता. वर झाडांखाली जमीन पिवळसर पांढरी झाली होती आणि सगळ्या हवेला तो गोड, आंबूस वास.

ती बाई आहे अजून. फार वाकली आहे, डोळ्यांना कमी दिसतं. मुलाची हाडंही नाहीत आणि पत्ताही नाही. गावात अंगणवाडीची ताई आहे, चाळिशीची, मराठी छान बोलते. ती दुभाषी झाली. अंगण तेच, आणि या खेपेला मी सात वाक्यं कागदावर लिहून आणली होती, घसरायला नको म्हणून. तारीख मी लिहिली. भाऊ मला सांगत होते. मी त्यांना सांगू दिलं नाही. इथे बसून त्यांनी माझं पाप स्वतःवर घेतलं. मी गप्प बसले. त्यांना कुणी फिरवलं नव्हतं. ते तुमचेच होते.

ताईनं एकेक सांगितलं. सांगताना तिचे हात मांडीवर होते. म्हातारी ऐकत होती, मान खाली. मग ती बोलली. थोडंच.

ताई माझ्याकडे वळली. "आजी म्हणते, जाऊ द्या बाई. झालं ते झालं. मनाले लावून घेऊ नका."

मी डोळे पुसायला पदर उचलला आणि उचलता उचलता थांबले. म्हातारीचा चेहरा तसं बोलणारीचा नव्हता.

"ताई," मी विचारलं, "हे तिचं की तुमचं?"

ताईला समजलं नाही. मग समजलं. ती खाली पाहू लागली.

"माझं, बाई."

"मग तिचं सांगा."

"ती म्हणते," ताई अडखळली, "भाऊ होते तवा काऊन नाई आल्या?"

म्हातारी तिच्या कमी दिसणाऱ्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहत वाट बघत होती. अंगणापलीकडे मोह टपटप पडत होता. माझा उजवा तळवा कधी उचलला गेला ते मला कळलं नाही. तो मी छातीवर ठेवला, आणि तिथे तो तसाच राहिला.